हद्द कोणी पुसली?

कळंबहून येरमाळ्यामार्गे बालाघाट उतरून बार्शीला जाणाऱ्या माणसाला आज वाटेत कुठे थांबावे लागत नाही. तालुका बदलतो, जिल्हा बदलतो. बोली, बाजार आणि सोयरीक तीच राहते. १९४८ पर्यंत मात्र या वाटेवर सरहद्द होती. अलीकडे हैदराबाद संस्थान, पलीकडे मुंबई प्रांत. बार्शीकडची माणसे इकडच्या मुलखाला मोगलाई म्हणत. इकडे निजामाचा हाली सिक्का चाले, तिकडे ब्रिटिशांचा कलदार रुपया. माल न्यायचा तर करोडगिरी नाक्यावर जकात भरावी लागे. ब्रिटिश अमलात ही हद्द त्रासाची होती, तरी दोन्ही बाजूंवर अखेर एकाच साम्राज्याची सत्ता होती. १५ ऑगस्ट १९४७ ला ते चित्र पालटले. बार्शी स्वतंत्र भारतात गेली. कळंब, धाराशिव, तुळजापूर, लातूर निजामाच्या राज्यात राहिले आणि ते राज्य स्वतःला स्वतंत्र देश म्हणवू लागले. पुढचे तेरा महिने बालाघाटाच्या या कडेने निर्वासितांचे तांडे उतरले, छावण्या उभ्या राहिल्या, गोळ्या झाडल्या गेल्या. आज फुटीरतावाद म्हटला की आपल्याला काश्मीर, नागालँड किंवा पंजाब आठवतो. तो आपल्या घरापासून फार लांबचा प्रश्न आहे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात स्वतंत्र भारतासमोर फुटून निघण्याचा जो सर्वांत मोठा प्रयत्न उभा राहिला, त्याच्या पश्चिम सीमेवर आपला धाराशिव जिल्हा होता. तो प्रयत्न मोडला कसा आणि मोडल्यावर पुन्हा डोके वर का काढू शकला नाही, याचे उत्तर नीट शोधले तर राष्ट्रीय सुरक्षेविषयी आपण जे सैलपणाने बोलतो, त्याला काही शिस्त येईल.

मला जे म्हणायचे आहे ते सुरुवातीलाच सांगतो. कोणतीही चळवळ देशाच्या सुरक्षेला धोका आहे की नाही, हे तिच्या मागणीच्या शब्दांवरून ठरवू नये. ज्यांच्या नावाने मागणी केली जाते त्या लोकांना विचारण्याची तिची तयारी आहे का, आणि नकार देणाऱ्यांचे ती काय करते, यावरून ते ठरवावे. हीच कसोटी राज्यसंस्थेलाही लागू आहे. लोकांना विचारणारे राज्य फुटीरतेची मुळे सुकवते; न विचारणारे राज्य स्वतःच फुटीरता पेरते. हैदराबादच्या कहाणीत या दोन्ही गोष्टींचे पुरावे आहेत. त्यातले काही आपल्याला अभिमान वाटावा असे आहेत. काही असे आहेत की ज्यांच्याकडे आपण पाऊणशे वर्षे पाठ फिरवली.

हैदराबाद हे हिंदुस्थानातले सर्वाधिक लोकसंख्येचे आणि सर्वांत श्रीमंत संस्थान. क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस मैल, १९४१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या वर. सोळा जिल्हे, त्यांतले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) हे पाच मराठी. स्वतःचे चलन, टपाल, रेल्वे, फौज. लोकसंख्येत मुसलमान तेरा टक्क्यांच्या आसपास. फौज, पोलीस आणि मोठ्या सरकारी जागांवर त्यांचे प्रमाण त्याहून कितीतरी अधिक. १९११ पासून गादीवर असलेल्या मीर उस्मान अली खान या सातव्या निजामाने जून १९४७ मध्ये फर्मान काढले की, ब्रिटिश सत्ता जाताच आपण सार्वभौम होऊ. कायद्याच्या अंगाने पाहिले तर या दाव्याला आधार नव्हता असे म्हणता येत नाही. १९४७ च्या भारत स्वातंत्र्य कायद्याने संस्थानांवरचे ब्रिटिशांचे अधिराज्य संपुष्टात आणले आणि ते भारताकडे किंवा पाकिस्तानकडे सोपवले नाही. म्हणून पहिला आक्षेप इथेच येतो: भारतात जे कधी सामीलच झाले नाही, ते राज्य फुटून निघाले असे कसे म्हणता?

या आक्षेपाचे उत्तर कायद्याच्या कलमात मिळणार नाही, कारण कायदा प्रश्न अर्ध्यावर सोडून गेला होता. अधिराज्य संपले, तर ते परत कोणाकडे आले? राजाकडे की रयतेकडे? निजाम म्हणाला, माझ्याकडे. रयत काय म्हणते हे कळण्याची सोय त्याने ठेवलीच नव्हती. ‘गश्ती निशान ५३’ या परिपत्रकाने सभा भरवायची तरी सरकारी परवानगी सक्तीची केलेली. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होत होती, तर तिची स्थापना पुरी होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. पाच मराठी जिल्ह्यांतल्या माणसाला उच्च शिक्षण घ्यायचे तर ते उर्दूतून. संस्थानची सुमारे तीस टक्के जमीन जहागिरींत आणि आणखी सुमारे दहा टक्के ‘सर्फ-ए-खास’ म्हणून निजामाच्या खासगी मालकीत. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या मसुद्यात लोकांना जबाबदार सरकार आणि विलीनीकरणावर सार्वमत या दोन्ही गोष्टी होत्या. निजामाने तो फेटाळला. सार्वभौमत्वाचा दावा करणारा आणि त्या दाव्यावर स्वतःच्या प्रजेचे मत घ्यायला घाबरणारा राजा, हे या प्रकरणाचे सार आहे. स्वतंत्र हैदराबादची मागणी हैदराबादच्या लोकांची नव्हती, म्हणून ती स्वयंनिर्णयाच्या हक्काखाली येत नाही.

लोकांचा आधार नसलेली मागणी टिकवायची तर आधार दुसरीकडून आणावा लागतो, आणि तिथून सुरक्षेचा प्रश्न सुरू होतो. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण पूर्वीच्याच पद्धतीने चालावे असा त्याचा अर्थ. शाई वाळते न वाळते तोच हैदराबादने भारतीय चलनावर निर्बंध आणले, मौल्यवान धातूंची निर्यात थांबवली आणि पाकिस्तानला भारतीय सरकारी रोख्यांच्या रूपाने २० कोटी रुपयांचे कर्ज दिले. त्याच वेळी काश्मीरमध्ये भारताचे जवान पाकिस्तानपुरस्कृत टोळ्यांशी लढत होते. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात शस्त्रे भरून विमाने हैदराबादच्या धावपट्ट्यांवर उतरवू लागला. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार नेली. मुंबई–मद्रास आणि दिल्ली–मद्रास हे देशाचे दोन्ही मुख्य लोहमार्ग या संस्थानातून जात. उत्तर आणि दक्षिण भारताच्या मधोमध परकी शस्त्रांवर उभे राहिलेले, शेजारच्या शत्रुराष्ट्राला मदत करणारे सरकार हा कोणत्याही नवजात देशासाठी प्राणावरचा धोका होता. तो धोका सरदार पटेलांनी ओळखला आणि त्यांच्या ठामपणाबद्दल मराठवाड्याने कृतज्ञ राहिले पाहिजे.

तरीही परकी शस्त्रांहून मोठा धोका घरातच वाढत होता. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना १९२७ ची. १९४४ मध्ये बहादूर यार जंग वारले आणि दोन वर्षांनी तिची सूत्रे कासिम रझवी यांच्या हाती गेली. रझवी लातूरचे वकील. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. त्यांच्या नेतृत्वाखाली रझाकार ही खासगी सेना फुगत गेली. २७ ऑक्टोबर १९४७ ला तिच्या जमावाने निजामाच्या शिष्टमंडळातील सदस्यांच्या घरांना वेढा घालून त्यांना दिल्लीला जाण्यापासून रोखले. त्या दिवशी खरे तर निजामाचे सार्वभौमत्वही संपले. ज्या राजाने आपल्या हेतूसाठी खासगी सेना वाढू दिली, तो आता तिचा कैदी झाला. शस्त्र ज्याच्या हाती जाते, चळवळीचा निर्णयही त्याच्याच हाती जातो. हा अनुभव पुढे पंजाबात आला, श्रीलंकेत आला. त्याचा पहिला धडा आपल्याकडे लातूर आणि हैदराबादच्या दरम्यान गिरवला गेला होता. गावोगाव खंडणी, लुटालूट, जाळपोळ आणि खून सुरू झाले. माणसे गुरेढोरे सोडून बार्शी आणि सोलापूरकडे पळाली. जुलै १९४८ मध्ये नानजच्या वाटेवर भारतीय लष्कराच्या तुकडीवरच हल्ला झाला आणि जवान मारले गेले.

या सगळ्याला हिंदू विरुद्ध मुसलमान असा एकच रंग देण्याची सवय आपल्याला लागली आहे. ती सवय इतिहासाला धरून नाही. शोएबउल्ला खान हा ‘इमरोज’ या उर्दू पत्राचा तरुण संपादक. हैदराबादने भारतात सामील व्हावे आणि रझाकार बरखास्त करावेत, असे निवेदन काही मुस्लिम मान्यवरांनी काढले, ते त्याने छापले, आणि स्वतःही तेच निर्भयपणे लिहीत राहिला. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना रझाकारांनी त्याचा खून केला. तो मुसलमान होता, म्हणूनच त्याचा आवाज रझाकारांना सर्वांत असह्य झाला. तो जिवंत राहता तर ‘आम्ही सर्व मुसलमानांच्या वतीने बोलतो’ हा दावा पोकळ ठरला असता. दुसरीकडे दलित समाजाला आपल्या बाजूला ओढण्याचा निजामाने जोरदार प्रयत्न केला आणि काही नेते त्याच्या मंत्रिमंडळापर्यंत गेलेही. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र नोव्हेंबर १९४७ मध्ये अनुसूचित जातींना जाहीरपणे बजावले की निजामाची बाजू घेऊ नका. हे बाबासाहेब फेब्रुवारी १९४१ मध्ये याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. निजामी अमलात वतनदारीखाली दबलेल्या माणसाचे दुःख त्यांना ठाऊक होते आणि त्या दुःखाचा सौदा कोण कशासाठी करू पाहतो आहे, हेही. फुटीर चळवळ नेहमी एका अखंड समाजाच्या नावाने बोलते. तो समाज तितका अखंड कधीच नसतो, आणि तिचा पहिला बळी त्या समाजातला वेगळे बोलणारा माणूस असतो.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांचे दल सोलापूरहून निघाले. पहिल्याच दिवशी नळदुर्ग आणि तिथला बोरी नदीवरचा पूल हाती आला. तुळजापूरला रझाकारांनी दोन तास झुंज दिली. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवत असल्याचे नभोवाणीवरून जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी सेनापती एल इद्रूस यांनी शरणागती दिली. मराठवाड्यात या कारवाईला आजही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात आणि ती १०८ तासांत संपली हे प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते. ती इतक्या लवकर का संपली, हा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. फौजेचे बळ आणि शिस्त हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण असे की ज्या राज्यावर चाल झाली त्या राज्यात त्याच्यासाठी लढायला रयत उभी राहिली नाही, कारण ते राज्य आपले आहे असे तिला कधी वाटू दिलेच गेले नव्हते. १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. तिथे आणि पुढे अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ आणि बाबासाहेब परांजपे यांनी एक पिढी घडवली. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हणण्यासाठी विद्यार्थ्यांनी महाविद्यालये सोडली. १५ ऑगस्ट १९४७ ला स्वामीजींना अटक झाली. गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, आपल्या जिल्ह्याचे फूलचंद गांधी अशा कार्यकर्त्यांनी बार्शी–सोलापूरपासून मनमाडपर्यंत सरहद्दीवर कॅम्प चालवले. वीस-पंचवीस वर्षांच्या या कामाने निजामाचे राज्य आतून पोकळ केले होते. फौजेला पाच दिवस पुरले, कारण जनतेने त्याआधी दोन तपे खर्ची घातली होती.

इथवरची कथा आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला सांगतो. तिच्या पुढचे पान उघडले पाहिजे. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानचा दौरा करून सरकारला अहवाल दिला. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत आणि नंतरच्या आठवड्यांत २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. मृतांत बहुसंख्य मुसलमान. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे होती. लातूरमध्ये वीसहून अधिक दिवस हत्या चालू राहिल्या आणि सुमारे दहा हजार मुस्लिम वस्तीपैकी जेमतेम तीन हजार माणसे शहरात उरलेली दिसली, अशी त्यांची नोंद आहे. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता, त्यातल्या आकड्यांवर वाद आहेत, आणि रझाकारांनी आधी केलेल्या अत्याचारांची नोंद त्याच अहवालात आहे. पण आकडा अर्ध्याने कमी धरला तरी तो माणसांचा आकडा आहे. त्यांतल्या बहुतेकांनी रझाकारांचा गणवेश कधी अंगावर घातला नव्हता. हा अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला.

काहीजण म्हणतील, हे आज कशाला उकरायचे? जुन्या जखमांची खपली काढून सुरक्षा वाढते का? माझे उत्तर असे की सुरक्षेच्याच दृष्टीने हे बोलणे आवश्यक आहे. एक तर या हत्याकांडाची पहिली जबाबदारी त्या राजकारणावर येते, ज्याने एका अल्पसंख्य समाजाला बहुसंख्य प्रजेवर राज्य करण्याचे स्वप्न विकले आणि शरणागतीच्या दिवशी त्या समाजाला उघड्यावर सोडले. कासिम रझवी तुरुंगातून १९५७ मध्ये सुटले आणि पाकिस्तानात निघून गेले. लातूरच्या विणकराला, कळंब-परंड्याच्या शेतमजुराला जायला कुठे जागा नव्हती. फुटीरतावादाविरुद्ध याहून प्रभावी युक्तिवाद कोणता असू शकेल? पण तो करायचा तर मेलेल्या माणसांचे मोल आधी मान्य करावे लागते. दुसरे म्हणजे, ज्या दिवशी एखादा मुलूख देशात येतो त्या दिवसापासून तिथल्या प्रत्येक माणसाच्या जिवाची हमी देश घेतो. ती हमी १९४८ च्या शरदात आपल्या जिल्ह्यात पाळली गेली नाही. लष्करी कारवाई योग्य होती. तिच्या पाठोपाठ कायद्याचे राज्य तितक्याच वेगाने पोचवणे हे कर्तव्य होते आणि ते चुकले. चूक कबूल करणारा देश दुबळा होत नाही. जी गोष्ट राज्य दडवते, ती पुढे द्वेषाचे व्यापारी आपापल्या सोयीने सांगतात.

एवढी रक्तरंजित सुरुवात होऊनही हैदराबादमध्ये फुटीर चळवळ पुन्हा उभी राहिली नाही. काश्मीर धगधगत राहिले, ईशान्येत दशकानुदशके बंदुका वाजल्या. इथे मात्र काही वर्षांतच स्वतंत्र राज्याची भाषा इतिहासजमा झाली. याचे श्रेय १०८ तासांना देता येणार नाही. १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला. १९५२ च्या निवडणुकीत आयुष्यात पहिल्यांदा इथल्या सालगड्याने, विधवेने, दलिताने आणि मुसलमानाने सारख्याच किमतीचे मत दिले आणि बुर्गुल रामकृष्ण राव यांचे निवडून आलेले सरकार आले. हरलेल्या निजामालाही सूडबुद्धीने वागवले नाही. १९५० ते १९५६ तो राजप्रमुख होता. तेलंगणात कम्युनिस्टांनी १९४६ पासून चालवलेला सशस्त्र लढा पोलीस ॲक्शननंतरही तीन वर्षे चालला. १९५१ च्या ऑक्टोबरात तो मागे घेतला गेला आणि लगेचच्या निवडणुकीत त्यांचे नेते रवी नारायण रेड्डी नलगोंड्यातून स्वतः पंडित नेहरूंपेक्षा जास्त मते घेऊन लोकसभेत गेले. कालपर्यंत बंदूक घेतलेला माणूस संसदेत बोलू लागला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यच भाषेनुसार तीन ठिकाणी वाटले गेले. ज्या राज्याच्या अस्तित्वासाठी इतके रक्त सांडले, ते कागदावरच्या एका कायद्याने नाहीसे झाले आणि त्यासाठी कोणी रडले नाही, कारण मराठी, तेलुगू आणि कानडी माणसाला आपापल्या भाषेचे घर मिळत होते. हद्द पुसण्याचे काम रणगाड्यांनी सुरू केले आणि सातबारा, मतपत्रिका व मातृभाषा यांनी पूर्ण केले.

देशाच्या इतर भागांतले अनुभव हीच साक्ष देतात. स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी करणाऱ्या द्रमुकने १९६३ मध्ये ती सोडली. चीनचे आक्रमण आणि देशाच्या अखंडतेविरुद्धच्या प्रचाराला बंधन घालणारी सोळावी घटनादुरुस्ती ही त्याची कारणे होती, हे खरेच. पण चार वर्षांनी तोच पक्ष मद्रासमध्ये सत्तेवर आला, १९६९ मध्ये राज्याचे नाव तमिळनाडू झाले आणि वेगळ्या देशाचा मुद्दा कायमचा मिटला. मिझोरममध्ये १९५९ च्या बांबू-दुष्काळाकडे सरकारने पुरेसे लक्ष दिले नाही. त्या दुष्काळात मदतकार्य करणाऱ्या संघटनेतून मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली आणि १ मार्च १९६६ ला तिने स्वातंत्र्य पुकारले. सरकारने ऐझॉलवर विमानांतून मारा केला, गावे उठवून वसाहतींत कोंबली. वीस वर्षे आग विझली नाही. ती १९८६ च्या कराराने विझली. १९८७ मध्ये मिझोरम राज्य झाले, बंडखोर लालडेंगा निवडून मुख्यमंत्री झाले, आणि मिझोरम ईशान्येतल्या शांत राज्यांत गणले जाऊ लागले. सीमेपलीकडे पाहिले तर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानने स्पष्ट कौल दिला आणि रावळपिंडीने तो मानला नाही. वर्षभरात देश दुभंगला. त्या देशाकडे फौज कमी नव्हती. आपल्याच लोकांनी मतपेटीत टाकलेले उत्तर वाचण्याची तयारी कमी होती.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की ही भाषा भाबडी आहे. सवलती दिल्या की भूक वाढते. शस्त्रधारी टोळीशी संवाद करायला बसणारे राज्य हसे करून घेते. पंजाबचे उदाहरण दिले जाते, आणि ते हलके नाही. खलिस्तानी दहशतीने हजारो निरपराध माणसे मारली, त्यांत शीख मोठ्या संख्येने होते. १९८४ मध्ये पंतप्रधान गेल्या. १० ऑगस्ट १९८६ ला माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची पुण्यात भर रस्त्यात हत्या झाली. फुटीरतेची गोळी अमृतसरहून पुण्यापर्यंत येते, हे महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिले. अशा टोळ्यांशी पोलीस आणि लष्करानेच लढावे लागते, यात मला शंका नाही. रझाकारांनाही भाषणांनी आवरता आले नसते. लोकांना विचारायचे तर आधी त्यांच्या मानेवरचा सुरा काढावा लागतो. शोएबउल्लाचा देश त्याच्या बचावाला पोचायलाच हवा होता. पण पंजाबचीही गोष्ट पुरी वाचावी. १९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत शिखांचे जे शिरकाण झाले, त्याने दहशतवाद्यांना वर्षानुवर्षे पुरेल इतकी भरती मिळवून दिली. दहशत अखेर संपली ती कठोर कारवाईने आणि गावातल्या शीख शेतकऱ्याने तिच्याकडे पाठ फिरवल्याने. शस्त्र वापरण्याचा अधिकार राज्याला आहे. त्या शस्त्राचे टोक टोळीकडे असावे, समाजाकडे वळता कामा नये. हा भेद ज्या क्षणी पुसतो, त्या क्षणी राज्य फुटीरतावाद्यांचेच काम करू लागते.

याच भेदाचा एक प्रश्न आज आपल्या दारात आहे. स्वतंत्र विदर्भाची मागणी जुनी आहे. १९५५ मध्ये फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने ती मान्यही केली होती. स्वतंत्र मराठवाड्याचा सूर अधूनमधून उमटतो. २०१६ मध्ये राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी तो उचलला, त्यावर इतके वादळ उठले की त्यांना पद सोडावे लागले. ही मागणी मला पटत नाही. तोडल्याने आपला दुष्काळ हटणार नाही, आणि भाषेच्या घरासाठी १०६ हुतात्म्यांनी दिलेले मोल मी मानतो. पण तिला देशद्रोहाच्या पंक्तीत बसवणे हा शुद्ध अविचार आहे. घटनेच्या तिसऱ्या कलमात नवे राज्य करण्याची रीत लिहिली आहे. त्या रीतीने २ जून २०१४ रोजी तेलंगण झाले आणि देशाची एक वीटही ढळली नाही. राज्य मागणारा माणूस भारताच्या घरातली वेगळी खोली मागतो. देश मागणारा घराची भिंत पाडतो. दोघांना एकाच नावाने हाक मारली, तर खोली मागणाऱ्याला आपण भिंतीकडे ढकलतो.

मराठवाड्यासाठी हे पुस्तकी नाही. हा प्रदेश १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला तो बिनशर्त. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विकासनिधी, शिक्षण आणि नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात न्याय देण्याचा शब्द दिला होता. त्या शब्दासाठी १९७४ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, दांडेकर समितीने अनुशेष मोजून दाखवला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपून गेली. कृष्णेच्या पाण्याचा हक्काचा वाटा धाराशिवला देऊ असे सांगणारी भाषणे ऐकत दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. यातून कोणी बंदूक हाती घेईल असे मला वाटत नाही. मुक्तिसंग्रामाचा वारसा त्याच्या उलट दिशेचा आहे. पण बोलून काही होत नाही ही भावना प्रजेत मुरू देणे हेच असुरक्षिततेचे पहिले पाऊल असते. निजामाच्या राज्यात तेच घडले होते. शेतकरी, दुष्काळी, अल्पसंख्य किंवा आदिवासी माणूस गाऱ्हाणे घेऊन आला की त्याच्या हेतूविषयी शंका घेणारे स्वतःला देशाचे राखणदार समजतात. देश राखण्याची ती रीत नाही.

म्हणून १७ सप्टेंबरला कळंबच्या चौकात ध्वज चढेल तेव्हा तीन गोष्टी एका दमात सांगितल्या जाव्यात, असे मला मनापासून वाटते. हिप्परग्याच्या शाळेपासून सरहद्दीवरच्या कॅम्पपर्यंत ज्यांनी न विचारणाऱ्या राज्याला विचारायला भाग पाडले, त्यांचा पराक्रम. शोएबउल्ला खानचे नाव, म्हणजे आपल्या मुलांना कळेल की हा लढा कोणत्याही धर्माविरुद्ध नव्हता. आणि मुक्तीनंतरच्या आठवड्यांत याच जिल्ह्यात विनाकारण मारल्या गेलेल्या माणसांचे स्मरण, कारण तीही त्याच दिवशी भारतीय झाली होती. येरमाळ्याच्या पलीकडचा करोडगिरी नाका कुठे होता, हे आज कोणाला सांगता येत नाही. तो इतका पुरता पुसला गेला, याचे कारण पलीकडे जाणाऱ्या आणि अलीकडे राहणाऱ्या, दोघांनाही एकाच देशाने एकच मत दिले. ज्या घरांना ते मत आजही अपुरे वाटते, मग ते दुष्काळाने असो, भीतीने असो की दडवलेल्या आठवणीने, त्या घरांपाशी एक हद्द अजून शिल्लक आहे. ती पुसायला फौज लागणार नाही. जाऊन विचारावे लागेल, आणि मिळेल ते उत्तर ऐकावे लागेल.